अर्ध्यावर थांबलेला हात

झेंडूचा टेम्पो पुढे आणि मी मागे. चाकणच्या चौकात पाऊण तास झाला, दोघंही जागचे हललेलो नाही. एरवी या रस्त्यावर आपल्या पुढे कंटेनर असतो आणि त्याच्या मागच्या दाराकडे बघता बघता अख्खी सकाळ जाते. दसऱ्याच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र फुलं येतात. पोत्यांच्या जाळीतून पिवळं-केशरी काहीतरी डोकावतं आणि डिझेलच्या धुरात तो कडवट, हिरवट वास मिसळतो. लोकांना या वासाने सण आठवत असेल. मला प्रेस शॉप आठवतं. मशीनचं तेल, तापलेलं लोखंड आणि झेंडू, या तिन्हींचा मिळून एक वास होतो आणि तो मला दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यात नेऊन सोडतो. मी काही आठवणींत रमणारी बाई नाही. पण गाडी बंद करून बसल्यावर दुसरं करणार तरी काय!

मागच्या सीटवर हेल्मेट आहे, कॅमेऱ्याची पेटी आहे आणि एक हेडसेट. निघोज्याला चाललेय. कशासाठी ते सांगते, पण आधी धंदा सांगायला हवा, कारण माझा धंदा ऐकला की लोक आधी "व्वा!" म्हणतात आणि मग हळूच "म्हणजे नक्की काय?" विचारतात.

मी व्हीआरचे व्हिडिओ काढते. डोळ्यांवर तो डबा बांधला की आपण भलत्याच जागी उभे असतो. मान वळवली की ती जागा वळते. खाली बघितलं की हात दिसतात. ते आपले नसतात, पण दोन मिनिटांत आपलेच वाटायला लागतात, ही त्यातली सगळी गंमत. त्यासाठी कॅमेरा समोर तिपाईवर ठेवून भागत नाही. तो काम करणाऱ्याच्या कपाळावर लागतो. हेल्मेटला पट्टी, पट्टीला कॅमेरा, कॅमेऱ्याला शेजारी शेजारी दोन भिंगं, आपल्या डोळ्यांसारखी. इथल्या कंपन्या नव्या पोरापोरींना मशीनवर उभं करण्याआधी हे दाखवतात. पहिली चूक तिथे होऊ दे, खऱ्या मशीनवर नको, एवढाच त्यामागचा विचार.

त्याआधी मी लग्नं शूट करायची. लग्नात प्रत्येकाला स्वतःचा चेहरा दिसायला हवा असतो. मामेसासू राहिली, आत्याचे मिस्टर अर्धेच आले, जेवणाच्या पंगतीत माझं तोंड उघडं दिसतंय, काय न् काय. या कामात सगळं उलटं. ज्याच्या कपाळावर कॅमेरा असतो तो माणूस व्हिडिओत कुठेच नसतो. त्याचे फक्त हात असतात. मला हे भारी आवडलं होतं. हात रुसत नाहीत, फोन करत नाहीत, आपण काम संपवून घरी यायचं.

मारुंजीला मी राहते तिथल्या घरमालकीण काकूंना एकदा असाच एक व्हिडिओ दाखवला होता. काकू गावच्या जुन्या, आता तीन मजले भाड्याने दिलेत, पण चप्पल अजून दारातच काढतात. हेडसेट घातल्याबरोबर त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"अगं बया! ह्ये कुठं उभं केलंस मला?"

"कंपनीत आहात काकू. खाली बघा, हात दिसतील."

काकूंनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या बांगड्या कुठं गेल्या? ह्ये तर बाप्याचे हात हायेत की गं. कुणाचे हायेत?"

"कुणाचे म्हणजे... आहेत एकांचे."

"त्येला नाव न्हाई व्हय?"

नाव होतं. बबन आण्णा. मी तेव्हा सांगितलं नाही, सांगायची गरज वाटली नाही.

आण्णा निघोज्याचे. घराणं तिथलंच, शेती होती, ती एमआयडीसीत गेली आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आण्णा प्रेसवर लागले. प्रेस म्हणजे लोखंडी पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन, चांगलं दीड माणूस उंच. पत्रा साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन बाजूंची दोन हिरवी बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, मग ते धाडकन खाली येतं. दोन बटणं अलीकडची. आण्णा लागले तेव्हा पायाने दाबायचा पेडल होता. पाय खाली आणि हात आत, अशी वेळ कधी ना कधी प्रत्येकावर यायची. कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर त्या काळचे लोक अजून येतात. ग्लास कसा धरतात ते बघितलं की कळतं कोण प्रेसवर होतं. आण्णांची दहाच्या दहा बोटं शाबूत. तीस-पस्तीस वर्षं प्रेसवर काढून दहा बोटं! म्हणून तर व्हिडिओसाठी सगळ्यांनी त्यांचंच नाव सांगितलं.

आणखी एक कारण होतं. आण्णांच्या गुडघ्याची वाटी झिजली होती. कंपनीच्या डॉक्टरांनी उभं राहण्याचं काम बंद सांगितलं होतं आणि बसून करायचं काम प्रेस शॉपमध्ये नसतं. निवृत्तीला अडीच वर्षं बाकी. तेव्हा सेफ्टी ऑफिसर निखिल सरांनी त्यांना शब्द दिला होता, की व्हिडिओ चांगला झाला तर ट्रेनिंग रूममध्ये तुम्हीच. पोरं व्हिडिओ बघतील, तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि समजावून सांगायचं. व्हिडिओ जमला नाही तर मग अवघड आहे. आण्णांनी पहिल्याच दिवशी मला हे सगळं सांगून टाकलं. पोटात काही न ठेवणारा माणूस.

"ताई, मला घरी बसाया न्हाई जमनार. घरी भाडेकरू हायेत, म्हातारी हाय, सगळं हाय. पन मला काम येतं, त्ये कुनाला तरी देऊन जायाचंय. खुर्चीवर का हुईना."

मी "हो हो" म्हणाले आणि हेल्मेटचा पट्टा आवळला. आण्णांनी भिंतीवरच्या आरशात बघितलं.

"आयला, नवरदेवच केला की मला. मुंडावळ्या तेवढ्या ऱ्हायल्या."

पहिला टेक. मी मॉनिटरवर बघत होते. आण्णा मशीनजवळ आले, हातमोजे चढवायच्या आधी उजव्या हाताने मशीनला स्पर्श केला आणि तोच हात कपाळाला नेला. ठक्क! पडद्यावर पाच बोटं पतंगाएवढी मोठी झाली आणि अंधार. भिंगावर तेलाचे ठसे.

सगळे हसले. आण्णाही हसले. "सवय ओ ताई. चुकलं." मी भिंग पुसलं. दुसरा टेक, ठक्क. तिसरा, ठक्क. चौथ्याला त्यांनी मशीनला हातच लावला नाही, मी हुश्श केलं, आणि काम संपल्यावर बटणं बंद करताना ठक्क. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा टेक झाले. अकराव्याला कुणी हसलं नाही. निखिल सर घड्याळाकडे बघत होते, कारण परवा खंडेनवमी. खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून पूजा होते आणि मग दसरा होईपर्यंत कुणी मशीनला कामासाठी हात लावत नाही. त्याआधी शूटिंग संपायला हवं होतं.

जेवण झाल्यावर आण्णा माझ्याजवळ आले. हेल्मेट हातात होतं. कॅमेऱ्याच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, ह्ये वाईच वर न्हाई का सरकवता येनार? दोन बोटं. कपाळ मोकळं ऱ्हाईल."

मी म्हणाले, "नाही आण्णा."

मग मी त्यांना ऐकवलं. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत लागतो, वर सरकवला की बघणाऱ्याला आपण उंच झालोय असं वाटतं, हात लांब वाटतात, त्याचा अंदाज चुकतो. ते खरंही होतं. पण दोन बोटांनी कुणाचा फार अंदाज चुकत नाही, हेही मला ठाऊक होतं. पट्टी खोलून पुन्हा बसवायला अर्धा तास जाईल असं मला वाटलं आणि तो अर्धा तास मला द्यायचा नव्हता, एवढंच. आण्णांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाने सांगितलं की ते मान डोलवायचे.

हा हात लावून कपाळाला न्यायचा प्रकार आपल्याकडे इतका सगळीकडे आहे की तो दिसतच नाही. रिक्षावाला सकाळी हँडलला लावतो. दुकानदार शटर वर करून उंबऱ्याला लावतो. ताथवड्याच्या कॉलेजांबाहेर परीक्षेच्या दिवसांत बघा, इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं पायरीला हात लावून आत पळतात आणि विचारलं तर "कुठे? नाही तर!" म्हणतात. परभणीला माझे वडील शिवणकाम करायचे. रोज मशीनच्या चाकाला बोटं टेकवून कपाळाला लावायचे आणि मगच सुईत दोरा ओवायचे. लहानपणी एकदा विचारलं होतं, कशाला करता? म्हणाले, "सवय." मी स्वतः कशालाच करत नाही. कॅमेऱ्याला नमस्कार करून काय होणार, मी त्याची बॅटरी चार्ज करते.

दुसऱ्या दिवशी आण्णा तयारी करून आले होते. रात्रभर मनाशी घोकलं असावं. सकाळच्या पहिल्याच टेकला हात कपाळाकडे गेला नाही. सरळ आले, मोजे चढवले, पत्रा ठेवला, हात बाहेर, बटणं, धाडकन. सगळं स्वच्छ. मी खूश. निखिल सरांनी हेडसेट घालून बघितलं आणि काढून ठेवला.

"मॅडम, यात चेकिंग कुठे आहे? वर बघितलंच नाही त्यांनी."

मी पुन्हा बघितलं. खरंच नव्हतं. आण्णांची नजर थेट खाली साच्यावर. म्हणजे हेडसेट घालणाऱ्याचीही नजर थेट खाली. या व्हिडिओत तेच तर असतं, ज्याचं कपाळ वळेल तिकडे बघणाऱ्याचं जग वळतं. मग कालचे ते वाया गेलेले अकरा टेक मी लावले. चौथा सोडला तर प्रत्येकात होतं. हात मशीनला लागायचा आणि तो कपाळापर्यंत पोचेतो आण्णांची मान खालून वर जायची, सावकाश, साचा, बोल्ट, तेलाची नळी, वरचं मोठं चाक. मग उजव्या खांद्यावरून मागे एक नजर, कुणी उभं आहे का. मग ठक्क.

"आण्णा, तुम्ही नमस्कार करताना काय बघता?" निखिल सरांनी विचारलं.

"कुठं काय बघतो. नमस्कार करतो."

"वर बघता ना तुम्ही."

आण्णा विचारात पडले. "मंग बघनारच की. जिच्या पाया पडायचं तिला डोळे भरून बघाया नको? कुठं गळतीय का, ढिली हाय का, रुसलीय का..."

"बरं, मग हात न उचलता नुसतं तसं बघा."

ते काही जमेना. नुसतं बघायला गेले की फोटोसाठी उभं केल्यासारखे बघायचे. मान एकदम वर, एकदम खाली. असं घाईने केलं की हेडसेट घातलेल्या माणसाला भोवळ येते. "नुसतं बघाया गेलं की काय बघायचं त्येच ध्यानात ऱ्हात न्हाई, साहेब," आण्णा म्हणाले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. गुडघा दुखत होता ते चालण्यावरून कळत होतं. सकाळपासून उभेच होते.

शेवटी तोड मीच काढली. "आण्णा, हात लावा, उचला, पण छातीशी थांबवा. कपाळापर्यंत नेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अर्धाच?"

"अर्धाच."

तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. हात मशीनला लागला, उठला, छातीपर्यंत आला आणि तिथे एक क्षण थरथरून थांबला. तोवर नजर खालून वर, खांद्यावरून मागे, सगळं फिरून आली. मग हात खाली. निखिल सर म्हणाले, "परफेक्ट." मी म्हणाले, "पॅक अप."  आण्णांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि एका पेटीवर बसून गुडघा चोळत राहिले.

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी झाली. मला बोलावलं होतं, गेले. तो धाडधाड आवाज बंद असला की प्रेस शॉप परक्याचं घर वाटतं. मशीन धुऊन चकचकीत केलेली, हिरव्या रंगावर हळदीकुंकवाची बोटं, चाकाला झेंडूची माळ, बटणांच्या पेटीवर नारळ. कामगारांच्या बायका-मुलं आली होती. "हे बघ, बाबा इथे उभे राहतात," असं चाललेलं. आण्णा नवा पांढरा शर्ट घालून आले. मशीनला दोन्ही हात लावले, कपाळाला नेले आणि तिथेच ठेवले. किती वेळ! मागे रांग लागली होती, पण कुणी घाई केली नाही. कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही, कारण माझं काम झालं होतं. पेढा खाल्ला आणि निघाले.

पुढचं मला निखिल सरांकडून कळलं, होळीच्या आसपास, दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा. ट्रेनिंग रूम मस्त झाली होती. एसी, सहा हेडसेट, भिंतीवर मोठा पडदा. मी सहज विचारलं, आण्णा कसे आहेत? ते म्हणाले, "अहो, ते गेले घरी. वरून आलं की ट्रेनरची वेगळी जागा नको. तुमचा व्हिडिओ इतका छान झालाय मॅडम, की माणसाची गरजच उरली नाही."

ते कौतुक होतं. आणि मी, काय सांगू, मी "थँक्यू" म्हणाले.

फोन ठेवून चहा केला, प्यायले, दुसरा व्हिडिओ कापायला बसले. मला रडू वगैरे आलं नाही. लाज वाटली ती पुढे केव्हातरी, एका सकाळी दात घासताना. माझ्या हातून एका माणसाचं काम गेलं आणि त्याचे हात तेवढे माझ्याकडे राहिले. आण्णांना फोन करावासा वाटला. केला नाही. काय बोलणार होते? तुमचे हात छान आलेत म्हणून?

मागच्या आठवड्यात त्याच कंपनीत गेले होते, वेगळ्या मशीनच्या कामासाठी. प्रेस शॉपमधून जाताना थांबले. सहा नव्या ट्रेनी, पाच पोरी आणि एक पोरगा, हेडसेटवर शिकून आज पहिल्यांदा खऱ्या प्रेससमोर. पहिली पुढे झाली. उजव्या हाताने मशीनला स्पर्श केला, हात उचलला, छातीपर्यंत आणला, तिथे क्षणभर थरथरवला आणि खाली घेतला. मग मोजे चढवले. दुसरी आली. स्पर्श, छाती, थरथर, खाली. तिसरी. चौथी. मला आधी हसू फुटलं. मग ते जागच्या जागी विरलं.

शेवटची सारिका, धाराशिवकडची, आयटीआय करून आलेली. तिला विचारलं, "हे काय केलंस गं, हाताचं?"

"पहिली स्टेप हाय मॅडम. व्हिडिओत जसं हाय तसंच करायले."

"कशासाठी असते ती?"

सारिका गोंधळली. बाकीच्यांकडे बघितलं. "ते कुणी सांगितलंच नाही. पण हात जरा हलवायचा असतो तिथं. नाही हलवला की ही शेजारची म्हणते, तुझं चुकायलं."

आणि नजर? नजर त्या फिरवत होत्या, वर, मागे, व्हिडिओत फिरते तशी. पण चाकाकडे बघताना त्यांना चाक दिसत नव्हतं. तेलाची नळी घामेजलेली होती, मला लांबून दिसत होती. सहाही जणींची नजर तिच्यावरून गेली. सहा नव्हे, पाच जणी आणि एक पोरगा, पण असू दे.

निखिल सर वैतागलेले होते. तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं होतं, या स्टेपचा उद्देश काय? त्यांना सांगता आलं नव्हतं. "मॅडम, ते दोन सेकंद कट करून द्या ना."

"कट केले की नजरही जाते. ते दोन्ही एकातच आहे."

"मग?"

"मग पुन्हा शूट करावं लागेल. त्याच हातांनी. दुसरे हात घेतले तर पूर्ण व्हिडिओ पहिल्यापासून." हे मी अगदी कोरड्या आवाजात म्हणाले, धंद्याची गोष्ट म्हणून. पण पुढचं आपोआप आलं. "आणि शूट करून भागणार नाही सर. ती नळी बघून घ्या आधी, गळतेय. तुमच्या पोरींना हे कोण सांगणार, हेडसेट?"

निखिल सरांनी नळीकडे बघितलं. माणूस वाईट नाही तो. मशीन बंद करायला सांगितलं आणि मग म्हणाले, "आठवड्याला दोन दिवस त्यांना बोलावता येईल. मी वरून करून घेतो."

"लेखी द्या," मी म्हणाले. "मागचा शब्द तोंडीच होता."

चार दिवस लागले, पण कागद आला. पर्समध्ये आहे. उद्या शूटिंग, परवा पुन्हा खंडेनवमी. आणि मी चाकणच्या चौकात झेंडूच्या मागे बसलेय. दोन वर्षांत एक फोन न केलेली बाई कुठल्या तोंडाने जाणार, असं मनात घोळवत. तेवढ्यात टेम्पो हलला. हलला म्हणजे हलावंच लागतं मागच्याला.

आण्णांचं घर निघोज्याच्या रस्त्याला लागूनच. खाली स्वतः राहतात, वर भाडेकरू, गॅलरीभर कंपन्यांचे निळे-करडे शर्ट वाळत घातलेले. आण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठायला लागले आणि गुडघ्यावर हात दाबून परत बसले.

"आरं तिच्या, कॅमेरावाल्या ताई! अगं, चहा टाक गं!"

ना विचारणा ना टोमणा. मला टोमणा चालला असता. मी कागद काढायच्या आधी हेडसेट काढला, कारण कागदावर बोलायचं कसं ते कळेना. आण्णांनी तो व्हिडिओ कधी बघितलाच नव्हता. शूट झाला तेव्हा कुणी दाखवला नाही, नंतर ते गेटच्या आत गेले नाहीत. मी तो त्यांच्या डोक्यावर चढवला, पट्टा आवळला, त्या वेळी आवळला होता तसाच.

"आयला! आलो की आत," आण्णा म्हणाले. मग खाली बघितलं असावं. बोटं मोजत होते, ओठ हलत होते. "धा हायेत. माझेच हायेत ह्ये." 

ओट्यावरून एक भाडेकरू डबा घेऊन शिफ्टला गेला, त्याने आमच्याकडे वळून वळून बघितलं. आण्णा आता तिथे नव्हतेच. मला तो व्हिडिओ सेकंदासकट पाठ आहे. आता ते मशीनजवळ आले असतील. आता हात लागला असेल. आण्णांचा उजवा हात मांडीवरून उठला, समोरच्या रिकाम्या हवेला टेकला आणि वर निघाला. त्यांची मान खालून वर गेली, सावकाश. आत, त्या डब्यात, हात छातीशी येऊन थांबला होता. ओट्यावरचा थांबला नाही.

ठक्क.

बोटं हेडसेटवर आपटली आणि तिथेच राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी हेडसेट काढला. डोळे ओले होते, ते त्यांनी लपवले नाहीत, शर्टाच्या बाहीला पुसले.

"त्ये अर्धंच ऱ्हायलं व्हतं ताई. लई दिवस मला वाटत व्हतं, आपलं कायतरी तिथं ऱ्हायलंय."

मी कागद दिला. सारिकाचं सांगितलं, सहा जणांच्या सहा अर्ध्या हातांचं सांगितलं, नळीचं सांगितलं. नळीचं ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. "कुठली, डावीकडची का? ती पहिल्यापासून तसलीच हाय! पोरींनी बगितली न्हाई?" मग कागद पुन्हा वाचला, दोन दिवस या शब्दांवर बोट ठेवून. "मला खुर्ची देत्याल ना तिथं?"

"देतील. लिहिलंय त्यात."

"मंग येतो. उद्याच येतो. पन ताई..." ते थांबले. मागणं त्यांच्या जिभेवर होतं आणि ते मागत नव्हते. एकदा मागून झालं होतं त्यांचं.

मी गाडीतून हेल्मेट आणलं, स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्यांच्यासमोर ओट्यावर बसले. "आण्णा, हात कपाळावर ठेवा बरं. पूर्ण."

त्यांनी ठेवला. त्यांच्या बोटांच्या वर जिथे कपाळ संपत होतं, तिथली उंची मी हेल्मेटवर पेन्सिलीने आखून घेतली. पट्टीचे चार स्क्रू काढले, पट्टी वर सरकवली, पुन्हा घट्ट केले. आण्णांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा माझं काम झालं होतं. अर्धा तास लागेल असं वाटलं होतं ना मला? सात मिनिटं लागली.